साधा वर्तमानकाळ की चालू वर्तमानकाळ?

इंग्रजी बोलताना ‘आय वर्क’ म्हणू की ‘आय ॲम वर्किंग’, इथे बरेच जण अडखळतात. ‘वर्क’ हे नियमित क्रियापद दोन्हींत चालवून पाहू.

रूपं बनवायला साधा काळ सोपा दिसतो: आय, यू, वी, दे, सगळ्यांना ‘वर्क’, फक्त ही, शी, इट आले की ‘वर्क्स’. पण हा एकटा ‘एस’च बोलण्याच्या ओघात सर्वाधिक गळतो. चालू काळात कर्त्यानुसार ॲम, इज, आर बदलावं लागतं, ‘वर्किंग’ मात्र जिथल्या तिथे.

प्रश्न आणि नकारात चालू काळ सरळ जिंकतो. ‘शी इज वर्किंग’चं ‘इज शी वर्किंग?’ झालं, शब्दांची जागा बदलली की काम भागलं. साध्यात बाहेरून ‘डझ’ आणावा लागतो आणि तो क्रियापदाचा ‘एस’ स्वतःकडे घेतो: ‘डझ शी वर्क?’ इथे ‘डझ शी वर्क्स?’ ही चूक अगदी सरावलेल्यांकडूनही होते, म्हणून हा प्रश्न मोठ्याने घोकाच.

स्पेलिंगचे त्रास दोन्हीकडे. ‘स्टडी’चा वाय साध्यात ही, शी, इट आले की ‘आयईएस’ होतो, चालूत टिकतो. ‘स्टॉप’चा पी मात्र चालूत दुप्पट होतो.

सवय, दिनक्रम, कायमची गोष्ट सांगायची तर साधा काळ घ्या. आत्ता चाललेलं किंवा तात्पुरतं काम असेल तर चालू. ‘वाँट’, ‘बिलीव्ह’ अशी मनःस्थितीची क्रियापदं मात्र सहसा साध्यातच ठेवा, अगदी आत्ताचं बोलत असलात तरी.