महिन्याच्या तिसऱ्या रविवारची बैठक: साताऱ्याहून जाण्यासारखी आहे का?

आमच्या लेकीला ऐकू येत नाही. ती अडीच वर्षांची असताना तिला कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू यावं म्हणून ऑपरेशन करून कानात घालायचं मशिन, बसवलं. मशिन केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून (दिव्यांगांना साधनं देणारी योजना) मिळालं. आता ती पाच वर्षांची आहे. पुण्यातल्या एका स्पीच थेरपी सेंटरमध्ये महिन्याच्या तिसऱ्या रविवारी स्वतः इम्प्लांट वापरणारी मोठी माणसं पालकांना भेटतात. फी काही नाही. मी सहा वेळा जाऊन आलोय, म्हणून लिहितोय.

माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. कॉइल, मॅग्नेट, वायर हे रोज हातातलं काम, त्यामुळे मशिन कसं चालतं ते मला लवकर कळलं. बाहेरचा प्रोसेसर आवाज पकडतो, डोक्यावरची कॉइल तो कातडीतून आत पाठवते आणि कानाच्या शंखात बसवलेले इलेक्ट्रोड थेट नसेला संदेश देतात. पण ते लावून दिवस कसा जातो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्याच बैठकीत बँकेत काम करणाऱ्या एक ताई भेटल्या. लेक संध्याकाळी कॉइल ओढून काढायची आणि मी लगेच परत लावायचो. लहान मुलानं जागेपणी सतत मशिन घालायचं असतं, एवढंच डोक्यात पक्कं होतं. ताई म्हणाल्या, "दादा, मी घरी गेले की आधी मशिन काढते. दिवसभर ऐकून डोकं भणभणतं. तुम्ही ऐकता ते आपोआप, आम्हाला एकेक शब्द पकडावा लागतो." मला फार वाईट वाटलं. दोन वर्षं मी तिचा थकवा हट्ट समजत होतो. थेरपिस्टना विचारून आता शाळेतून आल्यावर अर्धा तास मशिन डबीत ठेवतो. मग ती स्वतःच मागते.

चोविसाव्या वर्षी बहिरे झालेले एक काका सांगत होते, की स्विच-ऑन झाल्यावर, म्हणजे मशिन पहिल्यांदा चालू केल्यावर, बायकोचा आवाज डबा वाजवल्यासारखा यायचा. काही महिन्यांनी तो पुन्हा तिचा वाटायला लागला. हे सांगताना त्यांनी बायकोकडे पाहिलं, आणि मग बराच वेळ कुणीच काही बोललं नाही.

बारीकसारीक गोष्टी तर कितीतरी कळल्या. पावसाळ्यात रोज रात्री मशिन ड्राय बॉक्समध्ये, म्हणजे ओल शोषणाऱ्या डबीत ठेवायचं. मशिनच्या झिंक-एअर सेलचं (हा हवेवर चालतो) स्टिकर काढल्यावर तो लगेच बसवायचा नाही, काही मिनिटं हवा लागू द्यायची. हेल्मेटनं कॉइल सरकते. कॉइलची वायर कधी तुटेल सांगता येत नाही, तेव्हा एक जादा घरात हवी. सुट्या भागांचा खर्च आपल्यालाच करावा लागतो, तो आजपासून बाजूला टाका.

आता उणिवा. खोलीत आवाज घुमतो आणि वर पंखा घरघरतो. इम्प्लांटवाल्या माणसांना अशा जागी ऐकायला सर्वांत त्रास होतो, आणि बैठक नेमकी तिथेच भरते! दोनदा ताईंनीच पंखा बंद करायला लावून सगळ्यांना अर्धगोलात, तोंडावर उजेड येईल असं बसवलं. सतरंजी आणि पडदे टाकले तरी पुष्कळ फरक पडेल. खुणांची भाषा वापरणारं कुणी अजून आलं नाही. मशिन बंद पडलं तर मुलगी काय करेल, हे मला त्यांच्याकडून शिकायचंय. वेळ दहाची, सुरू होते पावणेअकराला. परतीची एसटी गाठायची असते, त्यामुळे शेवटचे प्रश्न राहून जातात.

तरीही मी पाचपैकी साडेचार देतो. कारण चौथ्या बैठकीतली एक गोष्ट. इंजिनिअरिंगला असलेल्या एका मुलानं विचारलं, "रात्री मशिन काढल्यावर लाइट गेली तर तुमची मुलगी काय करते?" मला उत्तर देता आलं नाही. ऐकू येत नाही, अंधारात आमचे ओठही दिसत नाहीत. ती किंचाळत उठायची आणि आम्ही समजायचो, स्वप्न पडलं.

त्याच संध्याकाळी स्वारगेटवर एक छोटी टॉर्च घेतली. ती तिच्या उशाशी असते. लाइट गेली की लेक आधी स्वतःच्या हातावर उजेड पाडते, मग माझ्या तोंडावर.