साधी रक्ततपासणी की ‘फंक्शनल’ पॅनल?

सतत थकवा म्हणून मावशी विचारत होती, यातलं काय करू? (फंक्शनल पॅनल म्हणजे ‘फंक्शनल मेडिसिन’वाले एकदम करायला सांगतात तो बऱ्याच चाचण्यांचा संच.)

खर्चात तुलनाच नाही. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), टीएसएच (थायरॉइडसाठी), फेरिटिन (शरीरातला लोहसाठा), बी-१२ मिळूनही फंक्शनल पॅनलच्या कितीतरी खाली.

खरा फरक अर्थ लावण्यात. लॅबची ‘नॉर्मल’ मर्यादा म्हणजे साधारण निरोगी लोकांपैकी मधल्या ९५ टक्क्यांचे आकडे. फंक्शनलवाले ती आवळतात, टीएसएच ३.८ आला की त्यांच्याकडे लाल खूण, साध्या लॅबमध्ये काहीच नाही. तथ्य थोडं आहे: हिमोग्लोबिन १२.५, म्हणजे नॉर्मल असूनही फेरिटिन १०, म्हणजे कमी निघू शकतं. पण फेरिटिन कोपऱ्यावरच्या लॅबमध्येही होतं, मागावं लागतं इतकंच!

फंक्शनलमधली अन्नाची आयजीजी चाचणी (कोणता पदार्थ सोसत नाही ते रक्तातल्या अँटीबॉडीवरून सांगू पाहणारी) मात्र नकोच. आपण काय खातो तेवढंच ती सांगते, आणि पोळी उगाच बंद होते.

थकवा, केसगळती असेल तर साधीच, डॉक्टरांना दाखवून. तरी उत्तर सापडलं नाही तर फंक्शनलमधली एखादी, तीही डॉक्टर म्हणतील ती.