कॅप्सूल की पंप? नववीतल्या मुलीच्या दम्याचा आमचा हिशेब

आमच्या मुलीला सहावीपासून दमा आहे, आता ती नववीत आहे. एवढ्या काळात दोन्ही वापरून झाले: कॅप्सूल घालून पावडर ओढायचा इनहेलर आणि स्पेसर (फवारा आधी ज्यात साठतो आणि मग ओढतात, ती प्लॅस्टिकची पोकळ नळी) लावलेला फवाऱ्याचा पंप. औषध दोन्हींत साधारण तेच. पंपाची सवय लागते का, हा वाद इथे नको. तो आमच्याकडे तिच्या आजीशी रोज होतो, तेवढा पुरे.

मुलीचं मत पहिल्यापासून कॅप्सूलला. तो इनहेलर कंपासपेटीत मावतो, आवाज करत नाही, बाकावरच्या शेजारणीलाही कळत नाही. चौदाव्या वर्षी या गोष्टीला किती किंमत असते, हे आपण मोठे झाल्यावर विसरतो. कॅप्सूल मोजताही येतात; रात्री डबी उघडली की आजची घेतली की राहिली ते समजतं. पंपाचं तसं नाही. उरलेले फवारे दाखवणारा काउंटर नसलेला पंप औषध संपल्यावरही फुस्स करतच राहतो आणि आपण निर्धास्त. पाण्यात तरंगवून बघायची जुनी युक्ती भरवशाची नाही. मी पंपावर मार्करने उघडल्याची तारीख लिहितो. सकाळी दोन, रात्री दोन फवारे म्हणजे १२० फवाऱ्यांचा पंप महिनाभर.

स्पेसरचीही कटकट आहेच. दप्तरात तो दुसऱ्या पाण्याच्या बाटलीएवढी जागा खातो. साबणाच्या पाण्यात धुतला की पुसायचा नाही, तसाच वाळू द्यायचा, कारण घासल्यावर प्लॅस्टिकमध्ये स्थिर वीज तयार होते आणि औषध आतल्या भिंतीलाच चिकटतं. आमच्या चिपळुणात जुलै महिन्यात काही वाळवायचं म्हणजे काय, ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. दोन दिवस फ्रिजच्या डोक्यावर पालथा पडून असतो.

तरीही माझं पारडं फिरलं ते गेल्या पावसाळ्यात. जूनअखेर तिला सर्दी झाली, आठवड्यात गेली, खोकला मात्र मुक्कामाला राहिला. पाच आठवडे. दिवसा बरी असायची. पण पहाटे तीनला उठून बसायची, जिना चढली की खोकायची, खळखळून हसली तरी ढास लागायची. सुटकेचा पंप (रोजचा नव्हे, त्रास झाला की लगेच आराम देणारा) आठवड्यातून चार-पाचदा लागू लागला. आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागला की दमा आटोक्यात नाही असं धरतात, हे मला ठाऊक होतं, म्हणून जीव टांगणीला. गादीच्या खोळी उकळत्या पाण्यातून काढल्या, कपाटामागची बुरशी खरवडली, आजीचा धूप बंद केला (त्याचे पडसाद अजून उमटतात). फरक शून्य.

औषध वाढवण्याआधी डॉक्टर म्हणाले, "नेहमीसारखं घेऊन दाखव बरं." तिने घेतलं. त्यांनी इनहेलर उघडला आणि आतली कॅप्सूल माझ्या तळहातावर ठेवली. निम्मी पावडर आतच. नखाने टिचकी मारली तरी सुटेना, दमट पिठीसाखरेसारखी गोळा होऊन बसलेली. मग कळलं की बाईसाहेब आठवड्याच्या कॅप्सूल डबीतून काढून कंपासपेटीत सुट्ट्या ठेवायच्या. चूक आमचीच. पण जिथे बरणीतल्या मिठालाही पाणी सुटतं, तिथे डबीचं झाकण कोण किती सांभाळणार? महिनाभर आम्ही औषध "देत" होतो आणि ते पोचतच नव्हतं, हे मला फार लागलं.

दुसरीही गोष्ट तेव्हाच ध्यानात आली. कॅप्सूलची पावडर एका दमात जोरात ओढावी लागते, पंपाचा फवारा सावकाश. तिचं रोजचं औषध कॅप्सूलमध्ये आणि सुटकेचं पंपात, त्यामुळे ती दोन्ही एकाच पद्धतीने ओढत होती. आणि ढास लागलेली असताना जोरात ओढणं जमत नाही ते नाहीच. स्पेसरमध्ये फवारा मारून शांतपणे पाच-सहा श्वास घेतले तरी काम होतं.

आता दोन्ही औषधं पंपातूनच, आणि नंतर चूळ भरून गुळण्या. तीन आठवड्यांत पहाटेचं उठणं थांबलं. तोवर पावसाचा जोरही ओसरला होता, त्यामुळे सगळं श्रेय पंपाला देत नाही. सोलापूरसारख्या कोरड्या हवेत राहणाऱ्या, दमदार ओढणाऱ्या मुलाला कॅप्सूल कदाचित जास्त सोयीची पडेल. कोकणात किंवा खोकला रेंगाळणाऱ्या मुलासाठी मी तरी स्पेसरच घेईन. मात्र बोलताना वाक्य पुरं होत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल किंवा सुटकेच्या पंपाचा आराम चार तासही टिकत नसेल, तर हे काही वाचत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

शाळेचा प्रश्न तिनेच सोडवला. जुन्या जीन्सचा पाय कापून स्पेसरला पिशवी शिवली, वर बटण लावलं. मैत्रिणींना ती पिशवी आवडली, आत काय आहे ते विचारून झालं, आणि विषय संपला. तरी परवा मला ऐकवलंच, "होस्टेलला गेले की मी कॅप्सूलच घेणार हं, बाबा." मी विचारलं, कुठल्या गावच्या?