वसंतातला मुक्काम: नदीकाठ की तलावातले बेट?

तंबू आणि कॅनू (वल्ह्यांची हलकी, अरुंद होडी) घेऊन निघताना खळाळत्या नदीचा काठ मोह पाडतो. पण चावऱ्या काळ्या माश्यांच्या अळ्या नेमक्या अशाच वाहत्या पाण्यात दगडांना चिकटून वाढतात, आणि त्यांच्या माद्या दिवसाउजेडी, म्हणजे आपण वल्ही मारत असतानाच, कानामागे आणि केसांच्या कडेला चावतात. मोठ्या तलावातल्या उघड्या, खडकाळ बेटावर वारा लागतो आणि ताशी सुमारे 15 किलोमीटरच्या वाऱ्यात डासांना नीट उडता येत नाही. मात्र तंबू दलदलीपासून दूर, वाऱ्याकडच्या टोकावर हवा, कारण साचलेल्या पाण्यातले डास संध्याकाळी वारा पडताच घेरतात. मी बेटच निवडेन; वारा फार वाढला तर तिथेच अडकावे लागते, म्हणून एक दिवस जादा ठेवावा.