नवी आवृत्ती चांगली, पण फिल्टर सर्व्हरवर न्या : काही महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या मेल प्रोग्रॅमची मोठी नवी आवृत्ती घेऊन आता बरेच महिने झाले. शोध वेगवान झालाय, जुने मेल झटकन उघडतात, अटॅचमेंट मोठी असली तरी स्क्रीन अडकत नाही. याबद्दल काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती फिल्टरची, म्हणजे आलेला मेल आपोआप ठरलेल्या फोल्डरमध्ये लावणाऱ्या नियमांची, आणि ती मनापासून आहे. कामाचे मेल रोज ढिगाने येणाऱ्या माणसाचा अख्खा दिवस या नियमांच्या भरवशावर चालतो.

अपग्रेडनंतर नियम पुसले गेले नव्हते. यादीत सगळे जिथल्या तिथे होते, नावं तीच, अटी त्याच. पण बऱ्याच नियमांपुढची ‘चालू’ची टिक गेली होती. बिलं, ग्राहकांची पत्रं, चर्चागटांचे मेल असं सगळं इनबॉक्समध्ये येऊन पडत होतं. ना सूचना, ना इशारा. नियम बंद करावा लागला तर जरूर करा, पण वापरणाऱ्याला तसं सांगा. एवढी अपेक्षा रास्त आहे.

कारण निघालं फोल्डरच्या पत्त्यात. नियम नुसतं फोल्डरचं नाव जपत नाही, त्याचा पूर्ण मार्ग जपतो. काही सर्व्हरांवर, म्हणजे मेल देणाऱ्यांच्या ज्या कॉम्प्युटरांवर आपले मेल राहतात तिथे, ‘बिलं’ हा फोल्डर थेट वरच्या पातळीवर असतो, काहींवर इनबॉक्सच्या पोटात. मधलं चिन्ह कुठे टिंब, कुठे तिरकी रेघ. नव्या आवृत्तीने हा मार्ग वेगळ्या पद्धतीने वाचायला सुरुवात केली, जुन्या पत्त्यावर फोल्डर सापडेना, म्हणून नियम बंद. देवनागरी नावांच्या फोल्डरांना याचा फटका जास्त बसला. आयमॅप म्हणजे प्रोग्रॅमने सर्व्हरवरचे मेल आणि फोल्डर हाताळण्याची ठरलेली पद्धत. तिच्या २००३ च्या मानकात अशी नावं थेट न जाता यूटीएफ-७ या अक्षरं लिहिण्याच्या पद्धतीच्या एका खास रूपात सांकेतिक होऊन, नुसत्या इंग्रजी अक्षरचिन्हांत जातात. २०२१ च्या नव्या मानकात ती सरळ यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत जातात. जुन्या नियमात सांकेतिक नाव आणि नवा प्रोग्रॅम शोधतोय खरं नाव, अशी गत होती.

उपाय कंटाळवाणा आहे, पण खात्रीचा. प्रत्येक नियम उघडायचा, जिथे मेल जायला हवा तो फोल्डर यादीतून पुन्हा निवडायचा, सेव्ह करून टिक लावायची. त्याआधी फिल्टरचा लॉग, म्हणजे कोणता नियम कधी चालला याची नोंद, मात्र चालू करा, बहुधा तो बंदच असतो. लॉगमध्ये नियमाची ओळच नसेल तर एकतर नियम चाललाच नाही किंवा अट जुळली नाही. ओळ आहे पण मेल हलला नाही, तर घोळ फोल्डरचा. एवढ्यावरून निम्मी शोधाशोध वाचते.

फोल्डर दुरुस्त झाल्यावरही मराठी विषयावर बेतलेले काही नियम चुकत राहिले. मेलचा मूळ मजकूर उघडून पाहिला तेव्हा उलगडा झाला. विषयाची ओळ देवनागरीत प्रवास करत नाही, ती इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांच्या तुकड्यांत बदलून येते. मेलच्या मानकाप्रमाणे असा एक तुकडा ७५ अक्षरचिन्हांपेक्षा लांब चालत नाही. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मात्रासुद्धा, यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. म्हणजे नेहमीच्या पद्धतीत एका तुकड्यात जेमतेम पंधरा चिन्हं. लांब विषय दोन-तीन तुकड्यांत येतो, आणि फिल्टरने ते सांधल्याशिवाय शोध घेतला तर सांध्यावरचा शब्द त्याला दिसतच नाही. म्हणून आता शक्य तिथे विषयाऐवजी पाठवणाऱ्याचा पत्ता धरते आणि चर्चागटांसाठी त्यांचा ‘लिस्ट-आयडी’ हेडर, म्हणजे मेलच्या डोक्यावरची गटाची ओळख सांगणारी ओळ. विषय दर वेळी बदलतो, तो हेडर सहसा बदलत नाही.

यानंतर मी मेल लावण्याचे सगळे नियम सर्व्हरवर नेले, सीव्ह या भाषेत. हिचं पहिलं मानक २००१ चं, सध्याचं २००८ चं. फिल्टरसाठीच बेतलेली छोटी भाषा आहे. हिच्यात लूप, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारी रचना, लिहिताच येत नाही, त्यामुळे नियम फिरत राहून सर्व्हर अडकण्याची भीती नाही. नियम चालताना चूक झाली तर मेल हरवत नाही, इनबॉक्समध्ये राहतो. विषयाचे तुकडे उलगडून, यूटीएफ-८ करूनच तुलना होते, त्यामुळे मराठी विषयांची कटकटही मिटली. सर्वांत मोठी सोय अशी की कॉम्प्युटर बंद असला तरी फोनवर मेल आपापल्या फोल्डरमध्ये लागलेले दिसतात. एक गोष्ट जपा. मेल फोल्डरमध्ये टाकल्यावर सीव्ह आपोआप थांबत नाही, पुढचे नियमही तपासते. ‘थांब’ ही आज्ञा दिली नाही तर एकच मेल दोन फोल्डरांत जाऊ शकतो. सगळेच मेल देणारे सीव्हची सोय देत नाहीत, तेव्हा आधी सेटिंगमध्ये पाहा.

प्रोग्रॅममध्ये आता फक्त रंगीत टॅग लावणारे नियम ठेवलेत, आणि ‘पाठवणारा माझ्या पत्त्यांच्या यादीत आहे का’ हा एक. ती यादी माझ्याच कॉम्प्युटरवर असल्याने तो सर्व्हरवर नेता आला नाही. एकूण आवृत्तीला पाचपैकी चार देईन, फिल्टरच्या हाताळणीला दोन. अपग्रेड करणार असाल तर प्रोफाइल फोल्डरमधली (प्रोग्रॅम तुमची सेटिंग जिथे ठेवतो तो फोल्डर) नियमांची फाइल आधी कॉपी करून ठेवा आणि यादीचा स्क्रीनशॉट घ्या. कोणत्या नियमाची टिक गेली हे नंतर ताडून पाहायला तेवढाच पुरावा हाताशी असतो.