सहा नंबरवर खेळणाऱ्यांसाठीची सहा आठवड्यांची बॅच, माझा अनुभव

पुण्यात आमच्या घराजवळच्या टर्फवर मोठ्या माणसांसाठी फुटबॉलचं कोचिंग चालतं, त्यातली एक बॅच फक्त मिडफिल्डर्सची आहे आणि त्यातही सगळा भर एकाच जागेवर, म्हणजे डिफेन्सच्या जरा पुढे उभं राहून तिथून अख्खी मॅच चालवणारा जो प्लेमेकर असतो त्याच्यावर (यालाच सहा नंबर म्हणतात). शनिवार-रविवार सकाळी सव्वासहा ते पावणेआठ, ६ आठवडे, आम्ही १४ जण, फी ४५०० रुपये. मी १२ पैकी ११ सेशन केले (एक का गेलं ते पुढे सांगतो) आणि पैसे वसूल झाले असं मनापासून म्हणेन, पण काही गोष्टी आधी माहीत असलेल्या बऱ्या म्हणून सविस्तर लिहितोय.

मी ८-९ वर्षं रविवारच्या मॅचेस खेळतोय, मिडफिल्डलाच, आणि माझी पद्धत एकच, बॉल जिथे तिथे मी. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत कोल्हापूरला मामाकडे असायचो, मामा शाहू स्टेडियमवर न्यायचा, पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ या तिथल्या टीम्सची मॅच असली की बसायला जागा मिळायची नाही, आणि तिथे सगळं पब्लिक ओरडायचं ते दोघांतिघांना चकवून जाणाऱ्या पोरासाठी नाहीतर लांबून गोल मारणाऱ्यासाठी. मागे उभा राहून दोन टचमध्ये बॉल सोडणाऱ्याकडे माझं कधी लक्षच गेलं नाही. मामा मात्र सांगायचा, गोल कुणी मारला ते बघू नको, बॉल कुणाकडनं आला ते बघ. तेव्हा ते डोक्यावरून गेलं.

कोच कोल्हापूरचेच निघाले, तिथल्या तालमीच्या फुटबॉल टीमकडून खेळलेले. पहिल्या दिवशी आम्ही शूज घालून तयार, तर सरांनी सगळ्यांना बेंचवर बसवलं आणि टॅबवर एकच क्लिप लावली. १ एप्रिल २००१, इटलीच्या लीगमधली युव्हेंटस विरुद्ध ब्रेशिया मॅच. ब्रेशियाचा मिडफिल्डर पिर्लो मधूनच लांब बॉल उचलून टाकतो, त्यांचाच स्टार रोबर्तो बॅजिओ पळता पळता तो एका टचमध्ये खाली घेतो, त्याच टचमध्ये युव्हेंटसचा गोलकीपर व्हान डर सार खेळातून बाद, आणि गोल. आम्ही सगळे बॅजिओचा टच बघत होतो, तो आहेच तसा. मग सरांनी तीच क्लिप परत लावली आणि म्हणाले, आता फक्त पास देणाऱ्याकडं बघायचं. परत लावली, परत लावली, वीस मिनिटं तेच.

पिर्लोची गोष्ट त्यांनी फार छान सांगितली. तो मुळात दहा नंबरचा प्लेयर, स्ट्रायकरच्या मागे खेळणारा, इंटर मिलान क्लबमध्ये काही जम बसला नाही, २००१ च्या सुरुवातीला लोनवर, म्हणजे काही काळ उसना, ब्रेशियाला परत आला तर तिथे ती जागा बॅजिओची, मग कोच कार्लो मात्सोनेनं त्याला खाली डिफेन्सच्या पुढे आणून उभं केलं. वर असताना पाठीवर कायम कोणीतरी असायचं, खाली आल्यावर अख्खं मैदान समोर आणि हातात थोडा जास्त वेळ. पुढे एसी मिलानमध्ये कोच आन्चेलोत्तीनं तीच जागा पक्की केली, पण त्याच्या बाजूला गात्तुसो दिला, पळून पळून बॉल हिसकावणारा. म्हणजे हा प्लेमेकर एकटा उभा करून चालत नाही, त्याच्या शेजारी कोण आहे त्यावर त्याचा अर्धा खेळ ठरतो. इटलीत या जागेला रेजिस्ता म्हणतात, रेजिस्ता म्हणजे दिग्दर्शक.

आता ड्रिल सांगतो कारण खरं काम तिथे झालं. चार प्लास्टिकचे शंकू (कोन) लावून चौकोन, मी मधे, समोरून बॉल येणार. माझ्या पाठीमागे एकजण लाल नाहीतर पिवळं बिब (प्रॅक्टिसचं बिनबाह्यांचं जाकीट) वर धरणार आणि बॉल माझ्या पायाला लागायच्या आत मी रंग ओरडून सांगायचा. लाल म्हणजे माणूस अंगावर आहे, बॉल एका टचमध्ये जिथून आला तिथे परत. पिवळं म्हणजे मोकळं, मग लांबच्या पायानं घेऊन वळायचं. ऐकायला सोपं आहे. करायला गेलो तर कळलं की मी आयुष्यभर येणाऱ्या बॉलकडेच बघत आलोय, मान वळवायची सवयच नाही, आणि सर बाजूनं सारखे ओरडतायत, "मागं कोण हाय? आरं मागं कोण हाय?" पहिल्या दिवशी दहातले दोन रंग बरोबर आले. चौथ्या आठवड्यात मी मान कधी वळवतोय हे मलाच कळेनासं झालं, आणि त्यामुळे बॉल आल्यावर घाई होईना, कारण कुठे द्यायचा ते आधीच ठरलेलं असायचं. मला वाटायचं या जागेवरचे प्लेयर जन्मतःच शांत असतात, पण त्यातला मोठा भाग हा बॉल यायच्या आधी दोनदा मागे बघण्याचा असतो.

लांबच्या पायाचंही तसंच. डावीकडच्या सेंटर बॅककडून (मधल्या डिफेंडरकडून) बॉल येतोय तर डाव्या पायानं घेतला की तोंड आपल्याच गोलकडे राहतं आणि समोरची टीम लगेच प्रेस करते, म्हणजे अंगावर धावून येते, अंग अर्धं उघडं ठेवून उजव्या पायावर घेतला की पूर्ण उजवी बाजू दिसते. पास देतानाही कुठल्या पायावर आणि किती जोरात याच्यावर सर अडून बसायचे. लांबच्या पायावर कडक दिला तर घेणाऱ्याला कळतं की वळ, मोकळा आहेस, जवळच्या पायावर हळू दिला तर कळतं की माणूस आलाय, परत दे. तोंडानं ओरडायची गरजच नाही.

चौथ्या आठवड्यातलं सेशन मला सगळ्यात आवडलं कारण उदाहरण आपल्याकडच्या लीगचं, आयएसएलचं (इंडियन सुपर लीग) होतं, मोरोक्कोचा मिडफिल्डर अहमद जाहू. आधी एफसी गोवा, मग कोच लोबेरांच्या मागोमाग २०२० मध्ये मुंबई सिटीत. तो सीझन कोविडमुळे अख्खा गोव्यात झाला, मुंबईनं लीग शील्ड (टेबलमध्ये पहिलं आल्याची) आणि ट्रॉफी (फायनल जिंकल्याची) दोन्ही उचलल्या. डोळ्यांसमोर येतो तो बिपिन सिंगचा फायनलमधला ९० व्या मिनिटाचा गोल, पण सीझनभर खालून बॉल फिरवणारा जाहू होता. सेंटर बॅक दोन बाजूंना फाकायचे, जाहू त्यांच्यात खाली उतरायचा, त्यामुळे मंदार राव देसाईसारख्या फुलबॅकला (कडेच्या डिफेंडरला) वर चढायला मोकळीक, आणि मग जाहूचा तो लांब तिरका बॉल. मी त्या मॅचेस टीव्हीवर पाहिल्या होत्या आणि हे काहीच पाहिलं नव्हतं. सरांनी हेही सांगितलं की त्याच सीझनच्या पहिल्या मॅचला जाहूला रेड कार्ड मिळालं होतं आणि मुंबई हरली होती, म्हणजे टॅकल कधी करायचा आणि कधी नुसतं उभं राहायचं हाही याच जागेचा अभ्यास आहे.

पाचव्यात उलटी बाजू घेतली, अशा प्लेयरला बंद कसं करतात. मार्च २०१०, ओल्ड ट्रॅफर्ड, मँचेस्टर युनायटेडचा कोच फर्ग्युसननं आपल्या पार्क जी-सुंगला पिर्लोच्या मागे लावला, मिलान ४-० हरलं. मग आम्हाला आलटून पालटून त्या पार्क जी-सुंगचं काम दिलं. अंगाला चिकटून माणूस असला की बॉल मागायचा नाही, त्यालाच घेऊन बाजूला चालत जायचं म्हणजे मधली जागा सेंटर बॅकला मोकळी मिळते. नव्वद मिनिटांत बॉल कमी लागला तरी टीमचं काम होतं हे पचायला मला वेळ लागला, अजून पूर्ण पचलंय असं नाही.

आता तक्रारी. मोठी तक्रार जागेची. टर्फ सात-सातचा, लांबी जेमतेम ४५ मीटर, आणि खरं मैदान साधारण १०५ बाय ६८ चं असतं. या जागेचा अर्धा जीव लांब पासमध्ये आहे आणि तो इथे मारताच येत नाही, मारला की बॉल नेटला. सर तोंडी समजावतात, क्लिप दाखवतात, पण पायाला ते अंतर कळत नाही. निदान दोन सेशन मोठ्या ग्राउंडवर हवेत, त्यासाठी ५०० जास्त घेतले तरी चालतील. दुसरं म्हणजे तिसऱ्या शनिवारी टर्फवाल्यांनी आमचा स्लॉट दुसऱ्या ग्रुपलाही दिलेला, आम्ही सव्वासहाला गेटवर आणि आत मॅच चालू. त्या सेशनची भरपाई करू म्हणाले, झाली नाही, पैसेही परत नाहीत. याचं वाईट वाटलं कारण सरांची त्यात काही चूक नव्हती. आणि १४ जण जरा जास्त होतात, मधे उभं राहायची पाळी एका सेशनला दोन-तीनदाच येते, दहा जण असते तर फरक पडला असता.

कोणी जावं? जो आधीपासून खेळतोय आणि मिडफिल्डला दमछाक होते पण उपयोग होत नाही असं ज्याला वाटतं त्यानं नक्की. अगदी नवीन असाल तर आधी साधी बॅच करा, कारण इथे पासिंग शिकवत नाहीत, ते येतं असं धरून चालतात. वजन कमी करायला येणार असाल तर इथे पळणं कमी आहे, उभं राहणं आणि बघणं जास्त.

मागच्या रविवारी मॅचमध्ये आमचा सेंटर बॅक, जो एरवी बॉल आला की सरळ वर भिरकावतो, त्यानं दोनदा मान वर करून मला शोधलं आणि पायात दिला. तो मला आठ वर्षं ओळखतो.

जाणार असाल तर स्टड चालत नाहीत, टर्फ शूज घ्या, पाणी घरून न्या कारण तिथला कूलर बंद असतो, आणि पार्किंग सहाच्या आत गेलात तरच मिळतं.