स्टॉकफिश १७: रेटिंग बाजूला ठेवा, पोटात शिरून बघा

माझ्या बुद्धिबळाच्या क्लासला नवीन मूल आलं की पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "सर, सगळ्यात स्ट्राँग इंजिन कुठलं? साधारण किती पैसे जातील?" इंजिन म्हणजे बुद्धिबळ खेळणारा संगणक-प्रोग्रॅम. मी सांगतो, स्टॉकफिश, आणि एक रुपयाही जाणार नाही. त्यावर बहुतेकांचा चेहराच पडतो. फुकट मिळतंय म्हणजे त्यात काहीतरी खोट असणार, असं सांगलीतल्या माणसाला वाटायचंच. मी मुलांना बुद्धिबळ शिकवतो, त्याआधी बरीच वर्षं पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं, त्यामुळे यंत्र उघडून बघायची खोड आहे. त्या खोडीतून झालेलं हे मत.

आधी ताकदीचं बोलू. इंजिनांना आपापसात खेळवून रेटिंग देणाऱ्या सीसीआरएलच्या यादीत स्टॉकफिशचं रेटिंग ३६०० च्या वर आहे. मॅग्नस कार्लसनचं आजवरचं सर्वोच्च रेटिंग २८८२. आता लोक लगेच वजाबाकी करतात, आणि ती वजाबाकी निरर्थक आहे. यादीतली इंजिनं आपापसात खेळतात, माणसांशी नाही. दोन्ही रेटिंगांचे तराजूच वेगळे. एलोमधून, म्हणजे रेटिंग मोजायच्या या पद्धतीतून, कळतो तो फक्त एकाच कळपातल्या दोघांमधला फरक: १०० गुणांचा फरक म्हणजे वरचढ खेळाडूला साधारण ६४ टक्के गुण.

आणि हा फरक मोजणंही वाटतं तितकं सोपं नाही. कुणीतरी रात्रभर दोन इंजिनांची मॅच लावतो, सकाळी ५५-४५ असा निकाल आला की "हे तगडं" म्हणून जाहीर करून टाकतो. १०० डावांत ५५-४५ म्हणजे ३५ एलोचा फरक. पण अर्धे डाव बरोबरीत सुटले असं धरलं, तरी त्या आकड्यात पन्नासेक एलोची चूक सहज मावते. म्हणजे निकाल उलटाही असू शकतो! स्टॉकफिशवाले हे ओळखून आहेत. २०१३ पासून त्यांची 'फिशटेस्ट' नावाची व्यवस्था आहे. जगभरातले हौशी लोक आपापले संगणक त्यासाठी देतात, आणि कोडमधला एखादा किरकोळ बदलसुद्धा हजारो डाव खेळवून पास झाला तरच आत जातो. त्यांच्या ताकदीचं खरं कारण मला हे वाटतं, एखाद्याची अफाट बुद्धी वगैरे नव्हे.

इंजिनाच्या आकड्याशेजारी 'डेप्थ ३०', म्हणजे विचाराची खोली ३०, दिसलं की मुलं हरखतात. पुढच्या तीस अर्धचालींतल्या (एका बाजूची एक खेळी म्हणजे अर्धचाल) सगळ्या शक्यता त्याने पाहिल्या, असा त्याचा अर्थ नाही. बहुतेक फांद्या ते आधीच छाटतं. कमी आशेच्या म्हणून त्याने क्रमात मागे ठेवलेल्या चाली कमी खोलीपर्यंतच तपासतं. कधी "समजा मी चाल सोडूनच दिली, तरी माझंच बरं आहे ना?" असं स्वतःला विचारून अख्खी फांदी टाकून देतं. एका इंजिनाची डेप्थ दुसऱ्याशी ताडून बघू नका. वेगाचंही तेच. कास्पारोव्हला हरवणारा आयबीएमचा संगणक डीप ब्लू १९९७ साली सेकंदाला २० कोटी पोझिशन पाहत होता. माझ्या लॅपटॉपवर स्टॉकफिश काही दशलक्षच पाहतं आणि तरी कितीतरी सरस खेळतं. लीला नावाचं दुसरं इंजिन तर त्याहून फारच कमी पाहते, कारण ती प्रत्येक पोझिशन मोठ्या न्यूरल नेटवर्कमधून ग्राफिक्स कार्डावर गाळते.

आता पोटात. डाउनलोड केलेली फाइल थेट उघडली की नुसती काळी खिडकी येते. घाबरू नका. तिथे 'गो पर्फ्ट ५' टाइप केलं की सुरुवातीच्या मांडणीपासून पाच अर्धचालींपर्यंतचे सगळे कायदेशीर मार्ग मोजले जातात: ४८,६५,६०९. कुठलंही इंजिन हाच आकडा देतं का, ही पहिली तपासणी. एन-पासाँ (प्याद्याची एक खास मारामारी) किंवा किल्लेकोट अशा खास चालींचा घोळ असेल तर असल्या मोजणीतच पकडला जातो; फक्त त्यासाठी जरा अडचणीच्या पोझिशनही घालून बघाव्यात.

त्याहून मजेची कमांड म्हणजे 'इव्हॅल'. पट छापला जातो आणि प्रत्येक मोहऱ्याखाली त्याची त्या क्षणाची किंमत येते. ही काढायची रीत गमतीची आहे: ते मोहरं पटावरून उचलायचं आणि मूल्यमापन, म्हणजे कोण किती वरचढ याचा आकडा, किती बदललं ते बघायचं. स्वतःच्याच प्याद्यांत कोंडलेला उंट आणि मोकळ्या घरात बसलेला घोडा एका पटावर मांडून मी हे मुलांना दाखवतो. "उंट तीनचा, घोडा तीनचा" हे पाठांतर त्यानंतर आपोआप सुटतं.

तक्रारही इथेच आहे. पूर्वी याच कमांडने राजाची सुरक्षितता, मोहऱ्यांची मोकळीक, पुढे निघालेली प्यादी असा हिशोब वेगवेगळ्या रकान्यांत यायचा. २०१८ मध्ये यू नासू यांनी शोगीसाठी (जपानी बुद्धिबळासाठी) काढलेलं एनएनयूई, म्हणजे छोट्या न्यूरल नेटवर्कने मूल्यमापन करायचं तंत्र २०२० च्या १२ व्या आवृत्तीत स्टॉकफिशने घेतलं, आणि २०२४ च्या १६.१ मध्ये हाताने लिहिलेलं जुनं मूल्यमापन काढूनच टाकलं. ताकद वाढली यात वाद नाही. पण शिकवणाऱ्याच्या हातचे रकाने गेले. आता "का?" विचारलं तर नुसता आकडा मिळतो. त्या आकड्याचा अर्थही बदललाय: १५.१ पासून +१.०० म्हणजे एक प्यादं जास्त नव्हे, तर त्यांच्या चाचणीच्या परिस्थितीत जिंकण्याची शक्यता पन्नास टक्के.

त्याला सगळं समजतं असंही नाही. २०१७ मध्ये गाजलेली, शास्त्रज्ञ रॉजर पेनरोझ यांची पोझिशन घ्या. काळ्याकडे प्याद्यांत अडकलेले वजीर आणि दोन हत्ती, शिवाय काळ्या घरांवरचे तीन उंट. पांढऱ्याकडे राजा आणि चार प्यादी. पांढऱ्याने राजा पांढऱ्या घरांवर फिरवत ठेवला की झाली बरोबरी, हे दहा वर्षांच्या मुलीलाही दिसतं. इंजिनं मात्र काळा प्रचंड जिंकतोय म्हणायची. स्टॉकफिशमध्ये यावर एक जुगाड आहे: प्यादं न हलता, मारामारी न होता चाली जितक्या जास्त होतील, तितका आकडा शून्याकडे ओढायचा. कोडमध्ये ती ओळ वाचली तेव्हा मला हसूच आलं.

एक अनुभव. महिन्याला पैसे घेणारं एक ॲप 'आमचं स्वतःचं एआय' म्हणून मिरवत होतं. एकाच थ्रेडवर, म्हणजे प्रोसेसरला एकाच धाग्याने कामाला लावून, चालवलं तर स्टॉकफिश त्याच डेप्थला दर वेळी नेमक्या तेवढ्याच पोझिशन मोजतं. ॲपमध्ये नोड्सचा, म्हणजे मोजलेल्या पोझिशनचा, आकडा दिसत होता, म्हणून काही पोझिशन दोन्हीकडे घातल्या. एका जुन्या आवृत्तीशी आकडे शेवटच्या अंकापर्यंत जुळले. स्टॉकफिश ज्या जीपीएल परवान्याखाली मिळतं, त्यात विकायला मनाई नाही, पण सोर्स कोड द्यावा लागतो. तो मागितला, उत्तर आलं नाही. पैसे थांबवले.

मुलांना याच्याशी खेळायला बसवू नका. ताकद कमी करायची सोय १३२० रेटिंगपर्यंत आहे, पण ते कच्च्या खेळाडूसारखं खेळत नाही. वीस चाली ग्रँडमास्टर आणि मग उगाच हत्ती फुकट. त्यासाठी माया हे इंजिन बरं, ती लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवरच्या माणसांच्या डावांवर घडवलेली आहे, ११०० ते १९०० रेटिंगच्या टप्प्यांत.

अँड्रॉइडवर ड्रॉइडफिश हे ॲप घ्या, त्यात स्टॉकफिश असतं. लॅपटॉपसाठी प्रोसेसरप्रमाणे वेगवेगळ्या फाइल मिळतात; आधी 'एव्हीएक्स२' ची फाइल चालवून बघा. जुन्या मशीनवर ती उघडतानाच बंद पडली, तर 'एसएसई४१-पॉपसीएनटी' वाली घ्या. थोडी हळू चालते, खेळते तशीच.